घटस्फोटाची केस चालू आणि पगारावर आयआरएसची लेव्ही: निकालाआधी उरकायच्या गोष्टी

२०२४ मधला हा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एका ताईंची घटस्फोटाची केस कोर्टात आहे. मार्चपासून त्या दोन मुलांना घेऊन वेगळ्या राहतात. नवरा कॉन्ट्रॅक्टर होता, १०९९ वर (टॅक्स न कापता मिळणाऱ्या कमाईचा फॉर्म) पैसे घ्यायचा, पण तिमाही टॅक्स त्यानं कधीच भरला नाही. २०२१ आणि २०२२ ची रिटर्न्स दोघांनी जॉइंट भरली. त्यात दाखवलेला टॅक्स तसाच राहिला आणि दंड-व्याज धरून आता ४६,३०० डॉलर थकले आहेत. त्यात २०२२ चं एक १०९९ रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं म्हणून आणखी ७,२०० डॉलर मागणारं सीपी२००० पत्र आलं आहे. या मंगळवारी एचआरचा ईमेल आला, की तुमच्या पगारावर आयआरएसची (अमेरिकेच्या फेडरल करखात्याची) लेव्ही, म्हणजे पगारातून थेट वसुली, बसली आहे. नवऱ्याचं म्हणणं, "काळजी करू नकोस, सगळा टॅक्स मी भरणार असं माझा वकील सेटलमेंटमध्ये लिहून देईल." शिवाय त्यानं २०२३ च्या जॉइंट रिटर्नवर सही करायला लिंक पाठवली आहे, कारण एक्स्टेंशनची (रिटर्न भरायला वाढवून घेतलेली) मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपते. घर आणि ग्रीन कार्ड, दोन्हीची काळजी आहे. काय करू?

ताई, मी आधी त्या लिंकबद्दल बोलते. लेव्ही बसली आहे ती उद्याही सोडवता येईल, पण सही एकदा केली की परत घेता येत नाही. जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या वर्षाचा सगळा टॅक्स, पै न् पै, दोघांकडूनही किंवा दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करायचा अधिकार आयआरएसला मिळतो. कमाई कुणाची होती हे कुणी विचारत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये तुमचं नेमकं हेच झालं. मूळ मुदत उलटून गेल्यावर जॉइंट रिटर्न मोडून वेगळं करता येत नाही. वेगळं भरलेलं मात्र तीन वर्षांच्या आत जॉइंट करता येतं. म्हणजे आज वेगळं भरलं तर दार उघडं राहतं आणि जॉइंट भरलं तर ते कायमचं बंद होतं. जॉइंटमध्ये थोडा टॅक्स वाचेल असं नवरा सांगेल, आणि ते बहुधा खरंही असेल. तरीही भरू नका.

२०२३ च्या शेवटी तुम्ही एकाच घरात होतात, त्यामुळे त्या वर्षासाठी हेड ऑफ हाउसहोल्ड (मुलांसह एकट्यानं घर चालवणाऱ्याचा वर्ग) मिळणार नाही. मॅरिड फाइलिंग सेपरेटली, म्हणजे लग्न असूनही वेगळं रिटर्न, भरा. एक्स्टेंशन दोघांच्या नावानं घेतलेलं असलं तरी ते तुमच्या वेगळ्या रिटर्नला चालतं. एक खाचखळगा आहे. त्यानं डिडक्शन्स आयटमाइझ केली (एकेक खर्च दाखवून वजावट घेतली) तर तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) मिळत नाही, तेव्हा तो काय करतोय आणि मुलं कोण दाखवणार, हे वकिलांमार्फत दोन ओळींत लेखी मागवा. उत्तर आलं नाही तरी १५ तारीख चुकवू नका. जुन्या थकबाकीचे हप्ते मागताना आयआरएस पहिल्यांदा पाहतं ते सगळी रिटर्न्स भरलेली आहेत का हेच.

आता एचआर. त्यांच्याकडे फॉर्म ६६८-डब्ल्यू, म्हणजे लेव्हीचा कागद, आला आहे. त्याच्या काही प्रती तुमच्यासाठी असतात. त्यात फाइलिंग स्टेटस आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची नावं भरून, सही करून, तीन दिवसांत एचआरला परत द्यायचं असतं. बहुतेक लोक ईमेल पाहून इतके हादरतात की हा कागद तसाच राहतो. तो दिला नाही तर एचआरला तुम्हाला 'मॅरिड फाइलिंग सेपरेटली, अवलंबून कुणी नाही' असं धरावं लागतं. आकड्यांत बघा. पगार दर दोन आठवड्यांनी येत असेल, तर २०२४ च्या तक्त्याप्रमाणे तशा माणसाला फक्त ५६१.५४ डॉलर सोडतात, बाकी सगळं जातं. मुलं वर्षातला बहुतेक काळ तुमच्याकडे आहेत, घरखर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा तुमचा आहे आणि वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा त्या घरात नाही, म्हणून २०२४ साठी तुम्ही हेड ऑफ हाउसहोल्ड लिहू शकता. दोन मुलं धरून ती सूट १,२२६.९२ होते. हातात २,८५० येत असतील तर एका कागदावर दर पगाराला ६६५ डॉलरचा फरक पडतो. सही शपथेवरची असते, तेव्हा जे खरं आहे तेच लिहा.

तुम्ही कुठंतरी वाचलं असेल की पगाराच्या २५ टक्क्यांहून जास्त कापता येत नाही. ती मर्यादा क्रेडिट कार्डवाल्यांसारख्या सामान्य सावकारांसाठी आहे. टॅक्सच्या वसुलीला ती लागू नाही, म्हणून आयआरएसची लेव्ही एवढी झोंबते. ती एका पगारापुरतीही नसते, सोडवेपर्यंत प्रत्येक पगारातून कापत राहते. लेव्ही आल्यावर ४०१(के) ची (नोकरीतल्या निवृत्ती बचतीची) रक्कम वाढवून हातचा पगार कमी दाखवायचा सल्ला कुणी देईल. नंतर वाढवलेली कपात एचआरला धरता येत नाही. आणि एका देण्याच्या वसुलीपायी नोकरीवरून काढायला फेडरल कायद्याची बंदी आहे, त्यामुळे एचआरसमोर मान खाली घालायचं कारण नाही.

नवऱ्याच्या वकिलानं लिहून द्यायच्या त्या ओळीबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. वर्षातून चार-पाच जणी तरी सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट हातात घेऊन माझ्यासमोर बसतात आणि त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवतात, 'सर्व फेडरल कर पती भरेल'. त्या करारात आयआरएस पक्षकार नसतं. न्यायाधीशांनी सही केली तरी ते वाक्य तुमच्या दोघांत बंधनकारक आहे, आयआरएसवर नाही. त्यानं भरलं नाही तर पैसे तुमच्या पगारातून जाणार. नंतर तुम्ही फॅमिली कोर्टात जाऊन त्याच्यावर अवमानाचा अर्ज करणार, वकिलाची फी भरणार आणि वर्षभरानं कदाचित काही हाताला लागणार. ज्यानं तीन वर्षं तिमाही टॅक्स भरला नाही, तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी शहाणा होईल यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. टॅक्स कोण भरणार हे कागदावर वाटून घेऊ नका. तो दोघांच्या सामायिक पैशांतून, निकालावर सही व्हायच्या आधी, फेडूनच टाका. घर विकणार असाल तर मार्ग सरळ आहे. क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) वेळी तुमचे दोघांचे हिस्से वाटण्याआधी थकबाकीची रक्कम थेट यूएस ट्रेझरीला जाईल, असं करारात लिहून घ्या. टायटल कंपनीला (व्यवहाराचे कागद आणि पैसे सांभाळणाऱ्या) आयआरएसकडून पेऑफचा आकडा आधीच मागवायला सांगा, कारण व्याज रोज चढतं. टॅक्स त्याच्या धंद्यामुळे झाला म्हणून त्याच्या हिश्श्यातून वळता करा, हा झगडा वकिलांनी हिश्श्यांच्या टक्केवारीत करावा. आयआरएसला चेक कधी जाणार, यात तो घुसवू नये. पुष्कळ नवरे "घर तुझ्या नावावर करून देतो" म्हणतात. आयआरएसचा लीन (थकबाकीसाठी मालमत्तेवरचा बोजा) नोंदला गेला असेल तर नाव बदललं तरी तो घरासोबत येतो. नवरा-बायकोच्या अविभाज्य मालकीतही एकाच्या हिश्श्याला लीन चिकटतो, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये क्राफ्टच्या खटल्यात ठरवून टाकलं आहे.

घर विकायचं नसेल तर त्याच्या जुन्या कंपनीतलं ४०१(के) पाहा. सहसा ५९½ वयाआधी काढलं की १० टक्के दंड लागतो. पण घटस्फोटात कोर्टाच्या क्यूडीआरओ (निवृत्ती प्लॅनमधला हिस्सा जोडीदाराला देणाऱ्या) हुकुमानं तुमच्या हिश्श्याचे पैसे प्लॅनमधून थेट तुम्हाला दिले तर तो दंड लागत नाही. इन्कम टॅक्स लागतो, आणि तो तुमच्या नावावर लागतो. प्लॅन २० टक्के आधीच कापून ठेवतो. हेच पैसे आधी आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) वळवले आणि मग काढले तर दंडाची सूट गेली. मी एकदा हे उशिरा पाहिलं होतं. पैसे वळवून दोन आठवडे झाले होते आणि त्या क्लायंटला काही हजार डॉलर उगाच भरावे लागले. तेव्हापासून क्यूडीआरओचा मसुदा मी स्वतः वाचते.

आता लेव्ही सोडवायची कशी. दोन रस्ते आहेत आणि दोन्हीवर एकाच वेळी चाला.

पहिला हप्त्यांचा. दंड-व्याज धरून ५०,००० डॉलरपर्यंतच्या थकबाकीवर साधा हप्त्यांचा करार मिळतो, सगळा जमाखर्च उघडून दाखवावा लागत नाही. तुमचे ४६,३०० आहेत, ७२ महिन्यांत महिन्याला साधारण ६४५, वर व्याज. ही रक्कम आताच्या लेव्हीच्या निम्म्याहूनही कमी आहे. करार झाला की लेव्ही उठवणं आयआरएसवर कायद्यानं येतं. फोनवर बोलताना "करार करा आणि एचआरला रिलीज फॅक्स करा" असं स्पष्ट सांगा, एचआरचा फॅक्स नंबर हाताशी ठेवा आणि फोन ठेवण्याआधी अधिकाऱ्याचा आयडी क्रमांक लिहून घ्या. पगाराच्या तारखेआधी तो फॅक्स पोचणं हाच त्या आठवड्यातला खरा प्रश्न असतो. आणि सीपी२००० च्या ७,२०० कडे दुर्लक्ष करू नका. ते लागू झालं तर बेरीज ५३,५०० होते, ५०,००० ची रेघ ओलांडते आणि नवी थकबाकी हप्त्यांचा करार मोडू शकते. त्या पत्राला मुदतीत उत्तर द्या. त्या १०९९ वरचा धंद्याचा खर्च दाखवता आला तर आकडाही खाली येतो.

हप्ताही झेपत नसेल, भाडं आणि डे-केअर भरल्यावर काहीच उरत नसेल, तर फॉर्म ४३३-एफ वर जमाखर्च देऊन आर्थिक अडचणीसाठी रिलीज मागता येतं. कुणी दाद देत नसेल तर टॅक्सपेअर अ‍ॅडव्होकेटकडे (आयआरएसमधल्याच करदात्यांना मदत करणाऱ्या कार्यालयाकडे) फॉर्म ९११.

दुसरा रस्ता फॉर्म ८८५७ चा, म्हणजे जोडीदारामुळे अंगावर आलेल्या जॉइंट टॅक्समधून सुटकेचा, ज्याला सगळे 'इनोसंट स्पाउस' म्हणतात. लोक एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी धरतात. रिटर्नमध्ये टॅक्स कमी दाखवला गेला असेल, जसं तुमच्या २०२२ चं ते राहिलेलं १०९९, तर पहिले दोन प्रकार लागू होतात, आणि त्यातला दुसरा नेमका घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा बारा महिने वेगळ्या राहिलेल्या जोडप्यांसाठी आहे. त्यात टॅक्स ज्याच्या कमाईचा त्याच्याकडे वाटला जातो. या दोन्हींना वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण तुमचा मोठा आकडा, ४६,३००, हा रिटर्नमध्ये बरोबर दाखवलेला आणि न भरलेला टॅक्स आहे. त्याला फक्त तिसरा प्रकार लागतो, न्याय्य सवलतीचा. त्याला दोन वर्षांची अट नाही, पण आयआरएस पाहतं की रिटर्नवर सही करताना तो टॅक्स भरणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का, माहीत असायला हवं होतं का, पैशांवर ताबा कुणाचा होता, छळ होता का, सवलत नाकारली तर तुमचं घर चालेल का, आणि नंतरची तुमची रिटर्न्स वेळेवर आहेत का.

सेटलमेंटमधली ती ओळ मी मघाशी मोडीत काढली, तिला इथे मात्र थोडी किंमत आहे. टॅक्स भरायची जबाबदारी कोर्टानं नवऱ्यावर टाकली असेल तर ती तुमच्या बाजूनं मोजली जाते. तो भरणार नाही हे तुम्हाला करार करतानाच माहीत होतं असं दिसलं, तर ती मोजली जात नाही. म्हणजे ओळ लिहून घ्या, फक्त तिच्या भरवशावर राहू नका.

पुरावा शब्दांत नको, कागदात हवा. गेल्या वर्षी एका क्लायंटच्या फाइलमध्ये ई-फाइलला संमती देणारा ८८७९ फॉर्म निघाला. फोनवर बोटानं केलेली सही, वेळ रात्री ११:५२. त्याच रात्रीचा नवऱ्याचा मेसेज तिच्या फोनमध्ये सापडला: "रिफंड येतोय, सही कर, झोप." रिटर्नमध्ये रिफंड नव्हता, टॅक्स देणं होतं. तिच्या दहा पानी निवेदनापेक्षा त्या एका मेसेजनं जास्त काम केलं. तुमच्या फोनमध्ये २०२२ आणि २०२३ च्या वसंतातले मेसेज शोधा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

८८५७ भरला की आयआरएस नवऱ्याला कळवणारच, तसं करणं त्यांना बंधनकारक आहे. तुमचा नवा पत्ता किंवा नोकरी मात्र त्याला सांगत नाहीत. अर्ज चालू असताना तुमच्याविरुद्ध नवी वसुली सहसा थांबते, पण आधीच बसलेली लेव्ही आपोआप उठेल म्हणून वाट पाहू नका, रिलीज वेगळं मागा. वसुलीच्या दहा वर्षांचं घड्याळही तेवढा काळ थांबतं. तिसऱ्या प्रकारात सवलत मिळाली तर तुमच्या पगारातून गेलेले काही पैसे परत मिळू शकतात. दुसऱ्या प्रकारात परतावा नाही. फॉर्म ८३७९ हा निराळा, तो 'इंजर्ड स्पाउस'चा, दुसऱ्याच्या एकट्याच्या देण्यात तुमचा रिफंड अडकला तर. तुमचं देणं जॉइंट आहे, त्यामुळे तो तुमच्या कामाचा नाही आणि २०२३ चा रिफंड जुन्या थकबाकीत जाईल हे धरून चाला.

तुम्ही विचारलं नाही पण मी सांगणारच होते ते म्हणजे मुलांच्या खर्चाचा हुकूम. जूनपासून नवरा पगारी नोकरीत आहे असं तुम्ही लिहिलंत. आयआरएस आज तुमच्यामागे लागलं आहे, उद्या त्याच्या पगारावर जाईल, आणि तेव्हा तुमच्या मुलांच्या वाट्याचे पैसेही त्या लेव्हीत जाऊ शकतात. कायद्यात एक सूट आहे. अल्पवयीन मुलांच्या खर्चाचा कोर्टाचा हुकूम लेव्हीच्या तारखेआधी झालेला असेल, तर तो खर्च भागवण्याइतका पगार लेव्हीतून वगळला जातो. आधी झालेला असेल तरच. तुमच्या पोटगीला ही सूट नाही, फक्त मुलांच्या खर्चाला आहे. म्हणून अंतिम निकालापर्यंत थांबू नका. केस चालू असतानाच मुलांच्या खर्चाचा अंतरिम हुकूम मागायला वकिलांना याच आठवड्यात सांगा. दोघं "आपसांत ठरवलंय" म्हणून झेलवर (बँकेतून पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर) पैसे पाठवत असाल तर त्या ठरावाला लेव्हीसमोर काडीची किंमत नाही.

पत्ता बदलायचा फॉर्म ८८२२ आजच टाका. लेव्हीआधी आयआरएसनं एलटी११ ही शेवटची नोटीस पाठवलेली असणार, आणि ती जुन्या घरी, नवऱ्याच्या हातात पडली असणार. त्या नोटिसीपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागायचा तुमचा हक्क होता, तो बहुधा गेला. वर्षाच्या आत त्याच फॉर्मवर 'इक्विव्हॅलेंट हिअरिंग' मागता येते, पण तीत लेव्ही थांबत नाही आणि टॅक्स कोर्टात जाता येत नाही. वेगळं राहतोय हे आयआरएसला कळवल्यावर जॉइंट थकबाकीच्या नोटिसा दोघांना वेगवेगळ्या पाठवाव्या लागतात. सोबत एक पत्रही लिहा: घटस्फोटाची केस आहे, या थकबाकीसाठी दुसऱ्या पक्षाकडून वसुलीचा प्रयत्न झाला का, काय झाला आणि किती वसूल झाले. हे विचारायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे, आणि उत्तर तुमच्या वकिलाच्या फार कामाला येतं. न्यू जर्सी राज्याचा टॅक्स थकला असेल तर तो संसार निराळा. आयआरएसशी केलेला करार राज्य मानत नाही, तिथे वेगळा अर्ज.

राहिलं ग्रीन कार्ड. टॅक्स थकला म्हणून ते रद्द होत नाही. नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा त्याच्या एन-४०० फॉर्ममध्ये थकलेल्या टॅक्सचा प्रश्न आहे. तिथे 'हो' लिहून हप्त्यांच्या कराराची प्रत आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडायच्या. त्यासाठी हप्ता बँकेतून आपोआप जाईल असाच लावा, म्हणजे मधला एखादा महिना चुकायचा नाही.